ती तुमची कोण लागत होती?

(लंडनच्या आग्नेय टोकाला असलेल्या बेल्व्हेडिअरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातला मुख्य भाग तेवढा येथे देत आहे.)

सप्रेम नमस्कार.

मी मूळची अकोल्याची. १९९८ साली लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हा २५ वर्षांची होते. पती सकाळी सातला बाहेर पडत ते रात्री आठला परत येत. दिवसभर सोबत म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत एक छोटा रेडिओ असे आणि तो बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’वर लावलेला असे. संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास विनोदाचा कार्यक्रम लागे. सुरुवातीला त्यातले निम्मेसुद्धा कळत नसे. सभागृहातले लोक हसले की आपणही हसायचे, इतकेच. ज्या बाईमुळे मला ते विनोद उमगू लागले ती लिंडा स्मिथ. आमच्या पुढच्याच स्टेशनची, एरिथची. ‘द न्यूज क्विझ’, ‘जस्ट अ मिनिट’, ‘आय अ‍ॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’ यांपैकी कशातही ती असली की मी पोळपाट बाजूला सारून ऐकत असे. रेडिओला कॅसेटची सोय नव्हती, म्हणून त्याच्यासमोर अकोल्याहून आणलेला टेपरेकॉर्डर ठेवून मी ते कार्यक्रम भरून घेत असे. अशा ३४ कॅसेट माझ्याकडे आहेत. त्यांत कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल असे बरेच काही आले आहे. एकीत तर लिंडा ऐन रंगात आलेली असताना माझी मुलगी (ती २००० सालची) ‘आई, शू!’ म्हणून ओरडते. तेव्हा त्या तशा बिघडलेल्याच आहेत.

२७ फेब्रुवारी २००६ रोजी ती गेली. ४८ वर्षांची होती. अंडाशयाचा कर्करोग. ती आजारी आहे हे आम्हा श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. बातमी ऐकून मी रडले तेव्हा पतींनी विचारले, ‘ती तुझी कोण लागत होती?’ मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी एकही कॅसेट लावलेली नाही. दर २७ फेब्रुवारीला मात्र देवापुढे तिच्यासाठी वेगळे निरांजन लावते. ती स्वतः नास्तिक होती, ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशनची अध्यक्ष होती, त्यामुळे हे तिला चालले असते का, असेही मनात येते. ती दुखणे सोसत असताना मी खुशाल हसत होते, याचीही बोच आहे. २०१९ मध्ये तिचा मित्र, विनोदी कलावंत जेरेमी हार्डी ५७व्या वर्षी गेला तेव्हा हे सारे पुन्हा वर आले.

आता आम्ही लहान घरात राहायला जाणार आहोत. मुलगी म्हणते, ‘आई, हे सगळे बीबीसीकडे असेलच, तुझ्या कॅसेट टाकून दे.’ त्याच खोक्यात मी डिसेंबर २००५ मध्ये लिंडाला लिहिलेले पत्रही आहे. इंग्रजी चुकले असेल या भीतीने ते पोस्टात टाकलेच नाही. मी आता ५२ वर्षांची आहे. तिच्याहून मोठी झाले. या वयात एका परक्या विनोदी बाईसाठी असे हळवे होणे बरे दिसते का? आणि त्या खोक्याचे काय करू?

— एक श्रोती

*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच लक्षात आली नसावी. पतींविषयी तुम्ही आदरार्थी लिहिले आहे. लिंडा स्मिथला मात्र पहिल्या उल्लेखापासून ‘ती’ म्हटले आहे. मराठी माणूस असा एकेरीवर कोणाच्या बाबतीत येतो? आईच्या, देवाच्या, बालमैत्रिणीच्या, आणि ज्यांचा आवाज किंवा चेहरा वर्षानुवर्षे घरात वावरला त्यांच्या. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी अवघ्या ५०व्या वर्षी गेले तेव्हा घरोघरी ‘लक्ष्या गेला’ असेच शब्द तोंडून निघाले, आणि हळहळणाऱ्या माणसाला ‘तो तुमचा कोण लागत होता’ असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. कोणी विचारणार तरी कसे? ज्याने विचारायचे तोही त्याच्यावर हसत मोठा झालेला होता. तुम्हाला तो प्रश्न विचारला गेला, कारण तुमच्या घरात लिंडाला ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या होता. सव्वा वर्षात, म्हणजे लक्ष्या आणि लिंडा यांच्यातल्या त्या अंतरात, तुमच्या भावना बदलल्या नव्हत्या. फक्त शेजारी बदलले होते. माझीही तुमच्याइतकीच सलगी झाली आहे असे नाही, पण या उत्तरात मीही तिला ‘ती’च म्हणणार आहे.

आपल्याकडे दुःखाचे माप नात्यावरून ठरते. जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस, लांबच्यांना तीन, त्याहून लांबच्यांना नुसते स्नान, हा सुतकाचा हिशेब जुन्या घरांत थोरल्या बायकांना तोंडपाठ असे. त्या हिशेबाचे तोटे पुष्कळ सांगता येतील, परंतु त्यात एक सोयही होती: ज्याला सुतक आहे त्याच्याकडे माणसे भेटायला येत, शेजारून पिठलेभात येई, आणि चार दिवस त्याला कोणी कामाला जुंपत नसे. ज्याला सुतक नाही त्याने मात्र डोळे पुसून लगेच पुढच्या कामाला लागायचे. वर्गमैत्रीण, वीस वर्षांची मोलकरीण, रोज भाजी देणारा भाजीवाला, आणि रेडिओवरची बाई यांच्यासाठी त्या यादीत अर्धा दिवसही नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखांवर एक पुस्तक संपादित केले, तेव्हापासून ‘समाजाने हक्क नाकारलेले दुःख’ ही कल्पना शोकाच्या अभ्यासात रूढ झाली. तुमच्या पतींनी तुमचे मन दुखवण्यासाठी तो प्रश्न विचारला असे मला वाटत नाही. त्यांनी यादी पाहिली, तीत नाव सापडले नाही, म्हणून विचारले.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या माणसांशी आपले जे नाते जुळते त्याविषयीही अभ्यासकांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की असा कलावंत समोर बसून बोलत असल्याचा भास निर्माण करतो, ऐकणाऱ्याला तो जवळचा वाटू लागतो, परंतु हे नाते एकतर्फी असते, कारण कलावंताला ऐकणारा ठाऊकच नसतो. हे खरे आहे, आणि तुम्हाला ते कोणी सांगायला नको. तरीही विनोदाच्या बाबतीत ‘एकतर्फी’ हा शब्द मला पुरता पटत नाही. गाणे कोणी ऐकले नाही तरी ते गाणे असते. विनोद ऐकणाऱ्याला कळला नाही तर तो विनोदच होत नाही, नुसते एक वाक्य उरते. लिंडाने टाकलेला चेंडू बेल्व्हेडिअरच्या स्वयंपाकघरात झेलला गेला हे तिला कळले नसेल, पण तो तुम्ही झेललात, तेही परक्या भाषेत आणि हाताला कणीक लागलेली असताना.

तुमचे पत्र येईपर्यंत मी तिचे नाव ऐकले नव्हते. उत्तर द्यायचे तर ऐकायला हवे म्हणून चार रात्री कार्यक्रम लावून बसले. तुम्हाला हे सगळे ठाऊकच आहे, परंतु सदराच्या इतर वाचकांसाठी दोन शब्द लिहिते. लिंडा स्मिथचा जन्म २९ जानेवारी १९५८ रोजी एरिथला झाला. शेफील्ड विद्यापीठात शिकून ती तिथेच नाटकमंडळींत रमली, १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाच्या वेळी मदतनिधीचे कार्यक्रम करता करता एकटीने उभे राहून हसवू लागली, १९८७ मध्ये हॅकनी एम्पायर या नाट्यगृहाची नवोदितांची स्पर्धा तिने जिंकली, आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस रेडिओ फोरच्या पॅनेलवर स्थिरावली. २००२ मध्ये त्याच केंद्राच्या श्रोत्यांनी हयात असलेल्यांतील सर्वांत हजरजबाबी व्यक्ती म्हणून तिची निवड केली. तिने स्वतः लिहिलेली ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइमवेस्टिंग’ ही मालिका, जिच्या नावातच काळाचा इतिहास सांगणाऱ्या जगप्रसिद्ध ग्रंथाची फिरकी घेतलेली आहे, २००१ आणि २००२ अशा दोन वर्षांत प्रसारित झाली.

पहिल्या रात्री मलाही तुमच्यासारखेच निम्मे कळले नाही. ‘जस्ट अ मिनिट’चे नियम तरी सरळ आहेत: दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचे, अडखळायचे नाही, शब्दाची पुनरुक्ती करायची नाही, विषय सोडायचा नाही. (या नियमांनी आपल्याकडच्या एखाद्या सत्कार समारंभातले आभारप्रदर्शन करायला लावले तर किती वक्ते टिकतील, असा विचार मनात येऊन गेला.) ‘क्लू’मधल्या मॉर्निंग्टन क्रेसंट या खेळाने मात्र मला चकवले. खेळाडू पाळीपाळीने लंडनच्या भुयारी रेल्वेची स्टेशने सांगतात, मध्येच कोणते तरी कलम काढून वाद घालतात, आणि जो ‘मॉर्निंग्टन क्रेसंट’ आधी म्हणेल तो जिंकतो. मी कागद घेऊन नियम टिपायला बसले होते. या खेळाला नियमच नाहीत आणि तोच त्यातला विनोद आहे, हे समजायला मला पाऊण तास लागला. १९९८ साली नवख्या घरात, शेजारी विचारायला कोणी नसताना, तुम्ही हा गड कसा सर केलात ते कधीतरी सविस्तर लिहा.

तिची खरी ओळख मला एरिथवरच्या एका वाक्याने झाली. युरोपातल्या गावांची परदेशातल्या गावांशी ‘जुळी गावे’ म्हणून सोयरीक लावण्याची पद्धत आहे आणि वेशीवर तशी पाटीही असते. लिंडा म्हणे की एरिथला जुळे गाव कोणतेच नाही, पण डॅगनमशी त्याचा एकत्र जीव देण्याचा करार झालेला आहे. डॅगनम म्हणजे थेम्सच्या पलीकडच्या काठावरचे, मोटारींच्या कारखान्याचे गाव. हे वाक्य मी नकाशा पाहून समजून घेतले. तुम्ही ते खिडकीतून बाहेर पाहून समजून घेतले असेल. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आले की तुम्हाला हीच बाई का जवळची वाटली. अकोल्याच्या उन्हावर अकोलेकर जितके विनोद करतो तितके दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत, आणि दुसऱ्याने केलेले त्याला खपतही नाहीत. आपल्या गावाला नावे ठेवण्याचा हक्क गावात जन्मलेल्यालाच असतो. जिथे तुम्ही नुकत्या येऊन पडला होता, जिथला पाऊस, बंद दुकाने आणि ओले प्लॅटफॉर्म पाहून तुम्हाला रडू येत असेल, त्या जागेचीच एक लेक रेडिओवरून सांगत होती की होय, ही जागा अशीच आहे, आणि तरीही इथे हसत राहता येते. सासरी आलेल्या मुलीला अशी एखादी नणंद मिळाली तर ती नशीबवान समजली जाते.

कोण लागत होती, याचे उत्तर हवेच असेल तर हे घ्या. पतींना पटेल की नाही ते मला सांगता येत नाही.

आता त्या बोचऱ्या मुद्द्याकडे येते. ती आजारी असताना तुम्ही हसत होता, याची तुम्हाला खंत वाटते. क्रम नीट पाहा. आजार कळल्यानंतरही तिने काम सोडले नाही, आणि आजाराची वाच्यता जवळच्या माणसांपलीकडे होऊ दिली नाही. हा तिचा निर्णय होता. आपल्या घरांतही दुखणे लपवण्याची रीत आहेच, परंतु आपण लपवतो ते बहुधा ‘मुलांना ताण नको’, ‘सोयरिकीत अडचण येईल’ अशा कारणांनी. त्यात सोसण्याचा भाग मोठा आणि निवडीचा लहान. विनोद करणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा असतो. श्रोत्यांना आजार कळला की त्या क्षणापासून ते हसण्याआधी दया करू लागतात. प्रत्येक वाक्यानंतर ‘बिचारी’ असा उद्गार उमटू लागतो, आणि तिथे विनोद संपतो. ‘न्यूज क्विझ’चे ध्वनिमुद्रण गुरुवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर होई आणि शुक्रवारी ते प्रसारित होई. त्या गुरुवारी मंचावर येऊन बसलेल्या बाईला समोरच्या सभागृहाकडून नेहमीसारखे, मोकळे, निर्दय म्हणावे असे हसू हवे होते, असा मी तिच्या निर्णयाचा अर्थ लावते. तिच्या मनात शिरण्याचा मला अधिकार नाही, पण तिने केलेल्या व्यवस्थेवरून इतके तरी दिसते. तुम्ही न कळत्या मनाने हसलात म्हणजे तिच्या व्यवस्थेत तुम्ही तुमची बाजू सांभाळलीत. तुम्हाला तेव्हा कळले असते आणि तुम्ही गप्प बसला असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

निरांजनाविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण इथे फार अडचण मला दिसत नाही. ती देव मानत नव्हती, आणि ते तिने लपवलेही नव्हते. २००४ पासून मरेपर्यंत ती ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशनची अध्यक्ष होती. निरांजन लावून तुम्ही तिला आस्तिक करत नाही. तुम्ही तुमच्या घरातल्या रीतीने तुमचे मन मोकळे करता, आणि ती रीत तुमची आहे. एक बदल मात्र सुचवते. ते निरांजन देवापुढून उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत, रेडिओ ठेवत होता त्या जागी लावा. तिचा आणि तुमचा जो काही संबंध होता तो त्या खिडकीत होता, देवघरात नव्हता. तिच्या मतांचाही त्यात आपोआप मान राहील. यावर तिने काय टोमणा मारला असता याची कल्पना करण्याचा मोह मला झाला होता, पण दुसऱ्याच्या विनोदबुद्धीची नक्कल करणारी माणसे मला आवडत नाहीत, म्हणून थांबते.

खोक्याबाबत मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मला वाटते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

तुमच्या मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हे कार्यक्रम बीबीसीच्या संग्रहात असतील, पुनःप्रक्षेपणाच्या वाहिनीवर त्यांतले काही लागतही असतात, आणि त्यांची स्वच्छ प्रत तुमच्या टेपपेक्षा शंभरपटीने चांगली असेल. लिंडाचा आवाज जपून ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ते ओझे मनावरून उतरवून टाका. परंतु तुम्ही ज्याला बिघाड म्हणता ते बीबीसीकडे नाही. २००२-०३ च्या सुमाराच्या एका संध्याकाळी, बेल्व्हेडिअरच्या एका घरात, कुकरची तिसरी शिट्टी आणि सभागृहातला हशा एकदमच आले, हे जगात फक्त तुमच्या कॅसेटवर आहे. मुलीचे ‘आई, शू!’ फक्त तिथेच आहे. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, कारण ती तुम्ही वीस वर्षांत ऐकलेली नाही: टेपरेकॉर्डर रेडिओसमोर होता आणि तुम्ही त्याच्याजवळ उभ्या होता, म्हणजे सभागृहातल्या लोकांच्या हसण्याच्या अलीकडे, अगदी माइकजवळ, एका बाईचे हसणे त्या टेपवर आलेले असणार. पहिल्या कॅसेटमध्ये ते लोकांच्या मागोमाग, थोडे उशिरा येत असेल. पुढे पुढे बरोबरीने येऊ लागले असेल. एखाद्या ठिकाणी ते लोकांच्या आधीही आले असेल. अकोल्याची मुलगी इंग्रजी विनोदात कशी रुळली याची ३४ कॅसेटांची नोंद तुमच्या माळ्यावर पडून आहे आणि तुम्ही ती कचऱ्यात टाकू का, असे मला विचारता आहात.

तेव्हा टाकू नका, पण तशाच खोक्यात नव्या घरीही नेऊ नका. माळ्यावरची उष्णता आणि दमट हवा टेपला मानवत नाही, आणि या कॅसेटांनी आधीच वीस-पंचवीस वर्षे काढलेली आहेत. एक बऱ्यापैकी जुना टेपडेक मिळवा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. प्रत्येक कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या. टेप सैल झाली असेल तर चाकात पेन्सिल घालून हाताने फिरवा, ही विद्या तुम्ही विसरला नसाल. टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट मुळीच लावू नका, जाणकाराकडे द्या. डेकची तार संगणकाला जोडून पहिल्याच वाजवणीला ध्वनिमुद्रण करून घ्या, कारण जुन्या टेपची दुसरी वाजवणी पहिल्याइतकी चांगली होईलच याची खात्री देता येत नाही. न आकसवलेल्या (अनकम्प्रेस्ड) स्वरूपात दोन प्रती ठेवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्ध्या तासाचे दीड कार्यक्रम बसतात, त्यामुळे काही कार्यक्रम मध्येच तुटलेले सापडतील; ते जोडण्याच्या भानगडीत पडू नका. आणि कोणी हौशी माणूस ‘मागचा आवाज काढून स्वच्छ करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. हे सारे घरापुरते ठेवावे, इंटरनेटवर टाकू नये, कारण कार्यक्रमांचा हक्क तुमचा नाही.

हे काम एकटीने करू नका, एवढीच माझी अट आहे. वीस वर्षे तुम्ही ते दुःख एकटीने सांभाळले, आणि त्याआधी सात-आठ वर्षे ते हसूही एकटीनेच हसलात. रेडिओची ही गंमत आणि हीच अडचण आहे: एकाच क्षणी लाखो माणसे हसतात आणि प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. नाट्यगृहातला प्रेक्षक शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतो. रेडिओचा श्रोता कुणाला मारणार? तुमच्यासारख्या किती जणी त्या फेब्रुवारीत आपापल्या ओट्याशी रडल्या असतील आणि त्यांनाही घरात कोणी तरी तोच प्रश्न विचारला असेल.

मुलीला घेऊन बसा. ‘आई, शू!’ची कॅसेट पहिल्यांदा लावा. मुलगी स्वतःचा आवाज ऐकून हसेल किंवा लाजेल, ती टेप पुन्हा मागे घ्यायला सांगेल, आणि मग मागच्या त्या बाईविषयी आपण होऊन विचारेल. तेव्हा तिला डॅगनमचे सांगा, मॉर्निंग्टन क्रेसंटचे सांगा. ती तिथेच जन्मलेली आणि वाढलेली असल्यामुळे तिला ते तुमच्याहून लवकर कळेल, आणि एखादा संदर्भ तुम्हाला पंचवीस वर्षे चुकीचा कळला होता हेही ती कदाचित दाखवून देईल. दाखवू द्या. पतींनाही बोलवा, पण आग्रह करू नका. ते दारात उभे राहून ऐकतील असा माझा अंदाज आहे. ते रात्री आठला घरी येत, म्हणजे साडेसहाचे तुमचे घर त्यांनी कधी ऐकलेलेच नाही.

तिच्याहून मोठी झाले, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या ओळीवर मी थोडी थांबले. कमी वयात गेलेल्या थोरल्या बहिणीच्या वयाला धाकटी पोहोचते आणि ओलांडून पुढे जाते तेव्हा तिला असेच अपराध्यासारखे वाटते, असे मी अनेकींकडून ऐकले आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही. एक व्यवहाराची गोष्ट मात्र सांगते. पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे यांतले काही आठवडाभराहून जास्त, पुन्हा पुन्हा होऊ लागले तर ‘वयाचे आहे’, ‘गॅस आहे’ म्हणून ओवा खात बसू नका, डॉक्टरांकडे जा आणि अंडाशयाविषयी स्वतः विचारा. तुमच्याकडे नियमाने होणारी गर्भाशयमुखाची तपासणी हा आजार शोधत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लागते. हे तुम्हाला लिंडामुळे ठाऊक असेलच, पण तुमच्या मैत्रिणींना नसेल.

राहिले ते न टाकलेले पत्र. ते आता वाचणारे कोणी नाही असे तुम्ही धरून चालला आहात, तसे नाही. तिच्या जोडीदाराने तिची कागदपत्रे केंट विद्यापीठाला दिली, आणि २०१३ मध्ये त्या कागदांपासूनच कँटरबरीला ब्रिटिश स्टँडअप कॉमेडी अर्काइव्ह हा संग्रह सुरू झाला. तुमच्या घरापासून ते फार लांब नाही. संग्रहवाल्यांना आधी पत्र लिहा: मी श्रोती होते, हे २००५ चे पत्र आहे, घ्याल का? सगळेच कागद ते घेतील असे नाही, आणि नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. वेळ ठरवून एकदा मुलीबरोबर तिथे जाऊन तिचे हस्ताक्षर तरी पाहून या. हो म्हणाले तर मूळ पत्र पाठवा आणि सोबत इंग्रजीत चार ओळी लिहा, की हे कोणी, कुठे आणि का लिहिले होते आणि का टाकले नाही. त्या चार ओळी मुलीकडून तपासून घ्यायला माझी हरकत नाही. डिसेंबर २००५ च्या पत्राचे व्याकरण मात्र तिला सुधारू देऊ नका.